वेताकाईचं डुक्कर

उनाइसीच्या घराण्यात गप्प बसणारं माणूस औषधालाही सापडलं नसतं. तिचा बाप वेताकाई बेटाच्या सरदाराचा बोलका होता. सरदाराने नुसतं खाकरायचं आणि याने त्याच्या वतीने अर्धा तास भाषण ठोकायचं, असा तो मान. आजोबांकडे तोच, पणजोबांकडे तोच. आणि अशा घरातली ही पोरगी फिजीच्या राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आली ती तीन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली! आता काय म्हणावं?

पण दोष तिचा तरी कसा म्हणू? सरदाराच्या वतीने बोलणं वेगळं आणि स्वतःच्या वतीने थोरामोठ्यांना उलट बोलणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला आमच्याकडे उद्धटपणा म्हणतात, आणि तो केला की लहानपणी पाठीत धपाटा बसतो. आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात तर दुसरं कामच नाही! मास्तरने म्हणायचं, हे असं आहे; पोरांनी म्हणायचं, मुळीच नाही. उनाइसी रात्रंदिवस वाचायची, निबंध असे लिहायची की वर्गात पहिला नंबर. तोंड मात्र उघडायचं नाही.

आणि मास्तर तरी कसा? डॉक्टर एलिकी वाकासावू. सहा फूट उंच, गुडघ्यापर्यंतचा, लुंगीसारखा गुंडाळलेला कडक इस्त्रीचा सुलू, आणि जीभ म्हणजे उसाच्या मळ्यातला कोयता. बाकीच्या पोरांशी सभ्यपणे बोलायचा. उनाइसी दिसली की मात्र त्याला चेव यायचा.

"काय गं खेकड्या," तो भर वर्गात म्हणायचा, "वेताकाईच्या खेकड्यांना नुसत्या नांग्याच असतात का? जीभ बोटीतून यायचीय वाटतं?"

वर्ग हसायचा. उनाइसी मान खाली घालायची.

"कळलं का मी काय म्हणालो ते?"

उनाइसी भुवया उडवायची. भुवया उडवल्या की हो, हे फिजीत तान्ह्या पोरालाही कळतं. डॉक्टरला काय कळत नव्हतं? पण तो म्हणायचा, "इथे भुवया चालत नाहीत, बाई. इथे जीभ चालवावी लागते."

तीन वर्षं हे असं चाललं. त्याचा आपल्यावर काय दात आहे, हे काही तिला समजेना.

शेवटच्या सत्रात तोंडी परीक्षा होती. डॉक्टरने प्रत्येकाला एकेक विधान द्यायचं आणि त्या पोराने ते त्याच्या तोंडावर खोडून काढायचं. या पेपरचे निम्मे गुण त्यावर. गप्प बसलं की नापास, आणि नापास झालं की पदवी नाही. फळ्यावर यादी लागली तेव्हा उनाइसीच्या नावापुढे लिहिलं होतं: 'जो आक्षेप घेत नाही, तो सहमत असतो.'

तिची मैत्रीण आर्तिका रोटी पार्सल खात होती, तिला ठसकाच लागला. "मेले, हे तर तुझ्यावरच लिहिलंय! तू गप्प बसलीस की त्याचं विधान खरं, आणि तू नापास. काय पण डोकं आहे माणसाचं!"

"मला नाही जमणार," उनाइसी म्हणाली.

"मला दे तुझं तोंड एका तासासाठी. अशी भांडेन ना!"

"तू कुणाशीही भांडतेस गं. मला त्यांच्यासमोर उभं राहिलं तरी दातखीळ बसते."

दुपारी तिने बापाला फोन लावला. पदवी न घेताच घरी यावं लागेल, एवढंच सांगायचं होतं. पण बोलता बोलता रडू फुटलं आणि खेकड्यापासून फळ्यापर्यंत सगळं बाहेर आलं. बाप शांतपणे ऐकत होता.

"कुठला गं हा मास्तर?"

"सुवाचेच आहेत."

"सुवाचं कुणी नसतं. आडनाव काय?"

"वाकासावू."

पलीकडे बाप असा हसत सुटला की तिने फोन कानापासून लांब धरला.

"अगं बये, तो रुकुलेवू बेटाचा! आपला तौवू!"

तौवू म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. दोन बेटांचा मूळ देव एकच असला की तिथली माणसं एकमेकांची तौवू. तौवूने तौवूला वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्याने राग धरायचा नाही. सव्वाशेर परतफेड करायची. उलट सभ्यपणे वागलात तर तोच अपमान.

"तीन वर्षं तो बिचारा तुला डिवचतोय, आणि तू त्याला सर, सर करत बसलीस? किती लागलं असेल त्याच्या मनाला! लाज आणलीस गं मला. बोलक्याच्या पोरीला टोमण्याला टोमणा देता येत नाही!"

"मला काय माहीत, बाबा!"

"आता कळलं ना? आणि काय त्याचं विधान म्हणालीस? जो आक्षेप घेत नाही... अगं, हे तर डुकराचंच प्रकरण झालं!" बाप पुन्हा हसायला लागला. उनाइसीला डुकराची गोष्ट पाठ होती. ती डोळे पुसता पुसता थांबली. मग तीही हसायला लागली.

परीक्षेच्या खोलीत डॉक्टर एलिकी होता, आणि परदेशातून, डनीडनहून पाहुण्या परीक्षक म्हणून आलेल्या प्रिंगलबाई. उनाइसी सवयीने कमरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ," अशी माफी पुटपुटत त्यांच्यापुढून गेली आणि खुर्चीत बसली.

"हं, खेकड्या," डॉक्टर म्हणाला. "माझ्या विधानावर काही आक्षेप नसेलच तुला."

आयुष्यात पहिल्यांदाच उनाइसी थोर माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

"हे विधान तुमचं नाहीच, तौवू. तुमच्या पणजोबाच्या पणजोबाचं आहे."

डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं.

"सगळं वेताकाई खडकावर मासे धरायला गेलं होतं, तेव्हा हा तुमचा शूर पूर्वज रिकाम्या गावात आला. आमच्या डुकरापाशी उभा राहून ओरडला, 'मी हे नेतोय, कुणाची हरकत आहे का?' कुणीच बोललं नाही. बोलणार कोण, डुक्कर? मग म्हणाला, सगळे राजी आहेत, आणि उचललं! चोराने चोरी केली ती केली, वर तिचं तत्त्वज्ञान केलं. आणि तुम्ही तेच फळ्यावर लिहून पगार घेता!"

प्रिंगलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, ही मुलगी तुम्हाला..."

पण डॉक्टर एलिकी टेबलावर थापा मारून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग एकदम पुढे झुकला. आता खरा मास्तर जागा झाला होता.

"गावात कुणी नव्हतं, म्हणून ते मौन मोजायचं नाही. मान्य. पण तू तर माझ्या वर्गात होतीस. समोर बसून, कान उघडे ठेवून, तीन वर्षं गप्प. ती संमती नव्हती?"

"नव्हती, आणि सिद्ध करते. पहिल्या वर्षी चौथ्या आठवड्यात तुम्ही शिकवलंत, माणूस आपल्या इच्छेने वागतो. मी गप्प. पाचव्या आठवड्यात शिकवलंत, माणूस आपल्या इच्छेने मुळीच वागत नाही. मी गप्प. गप्प म्हणजे सहमत असेल, तर मला दोन्ही मान्य. माणूस मोकळा आहेही आणि नाहीही! म्हणजे एक तर मी वेडी, नाहीतर तुमचं विधान खोटं." ती खुर्चीत पुढे सरकली. "आणि वेड्या पोरीला तुम्ही तीन वर्षं निबंधात पहिला नंबर दिलात, तौवू. तेव्हा विचार करून बोला!"

डॉक्टरने नुसत्या भुवया उडवल्या.

"भुवया चालत नाहीत इथे," उनाइसी म्हणाली. "जीभ चालवावी लागते."

आता प्रिंगलबाईसुद्धा हसल्या. बाईंना तौवू काय ते कळलं नव्हतं, पण युक्तिवाद पुरता कळला होता. त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला आणि डॉक्टरकडे सरकवला. डॉक्टरने तो पाहिला, खोडला, आणि त्याहून मोठा लिहिला.

"तीन वर्षं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी हजेरीत वेताकाई वाचलं, तेव्हापासून वाट बघतोय मी. मला वाटलं, या पोरीला आमचं नातंच नको आहे."

"चुकलं माझं, तौवू. इथून पुढे एकही दिवस सोडणार नाही."

"आता बाहेर हो. तुझी खेकड्याची नांगी लागलीय मला."

ती उठली. जाताना वाकायचं विसरलीच, ताठ चालत बाहेर आली. बाहेर आर्तिका नखं खात उभी होती. तिला काही विचारू न देता उनाइसीने तिला घट्ट मिठी मारली आणि तशीच एका हाताने फोन लावला. पहिल्याच घंटीला बापाने उचलला.

"बोललीस का गं?"

"बाबा," उनाइसी म्हणाली, "डुक्कर परत आणलं!"