सोबतीची ड्यूटी

मधुमतीबाईंनी पिशवीतून शाल काढली आणि न विचारताच मीनाक्षीबाईंच्या गुडघ्यांवर पसरली. मीनाक्षीबाईंनी ती उचलली, तिची नीट घडी घातली आणि मधुमतीबाईंच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही घ्या. खिडकीशी तुम्ही बसलाय."

"मला काय होतंय? उभा जन्म या देशात वॉर्डात काढलाय मी."

"तरी असू द्या."

शाल काही वेळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरली आणि शेवटी दोघींच्या मधल्या फटीत पडून राहिली. कोच मोटरवेला लागली होती. मागच्या सीटांवर अंताक्षरी सुरू झाली होती आणि चिवड्याची पहिली पिशवी फुटली होती. पुढच्या रांगेत या दोघी मात्र एकमेकींची काळजी घेत ताठ बसल्या होत्या.

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाची ही उन्हाळी सहल. विंडसर झालं होतं, ब्रायटन दोनदा झालं होतं, व्हिप्सनेडच्या प्राणीसंग्रहालयातले प्राणीही आता मंडळाला ओळखत असतील. म्हणून दोन हजार सहाच्या जूनमध्ये सेक्रेटरी मंजिरीने 'इंग्लंडचं वाळवंट' शोधून काढलं. केंटच्या टोकाला डंजनेस नावाची जागा. मंजिरी पुण्याची, लंडनच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची, आणि गोड बोलून कुणाकडूनही काहीही करून घ्यायची. मीनाक्षीबाईंनाही तिने असंच घोड्यावर बसवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नवरा, विष्णू, गेल्यापासून मीनाक्षीबाई मंडळात फिरकल्या नव्हत्या. बोलावणी यायची, पण त्या बोलावण्यांना एक वास असायचा. 'या हो काकू, तेवढाच तुमचा वेळ जाईल.' आपला वेळ घालवण्याची जबाबदारी लोकांनी वाटून घ्यावी, हे त्यांच्या नाकाला झोंबायचं. मुलगा परीक्षित एडिनबराला होता. रविवारी त्याचा फोन यायचा, आणि त्या फोनवर त्या इतक्या आनंदात असायच्या की फोन ठेवल्यावर दमून जायच्या. कुणाच्या गळ्यातली धोंड व्हायचं नाही, एवढं एकच व्रत त्यांनी धरलं होतं आणि ते एकट्या घरात काटेकोर पाळत होत्या.

मंजिरीचा फोन वेगळा होता.

"काकू, माझं एक काम होतं. त्या मधुमतीकाकू आहेत ना, रिटायर्ड नर्स? त्यांना मागेपुढे कुणी नाही. ट्रिपला एकट्या पडतील हो. तुम्ही सोबत असाल तर मला टेन्शन नाही."

'काम' म्हटल्यावर मीनाक्षीबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी ब्लड प्रेशरच्या गोळ्या जास्तीच्या घेतल्या, मधुमतीबाईंना लागल्या तर असाव्यात म्हणून. संत्री घेतली, तीही सोलून. निघताना आरशात पाहिलं तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांना स्वतःचा चेहरा कामाला निघालेल्या बाईचा वाटला.

किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावात कोच थांबली. बादल्या-फावड्यांची दुकानं, बंद पडलेलं मिनी-गोल्फ, चहा. मग खेळण्यातल्यासारख्या छोट्या वाफेच्या गाडीने सगळे वाळवंटात पोचले. वाळवंट म्हणावं तर वाळू औषधालाही नव्हती. नजर जाईल तिथवर गोटे, मधेच कोबीसारख्या पानांचं एखादं रानटी झुडूप, दूरदूर पसरलेल्या काळ्या लाकडी झोपड्या आणि एका बाजूला अणुवीजकेंद्राचा करडा ठोकळा. त्यात भुरभुर पाऊस.

"यांचं वाळवंटसुद्धा ओलं!" मंजिरीचा नवरा नंदू म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला.

जेवणं वाऱ्यात झाली. कागदी प्लेटा उडाल्या, श्रीखंडात बारीक खडे गेले. मीनाक्षीबाई मधुमतीबाईंना वाढत होत्या, मधुमतीबाई मीनाक्षीबाईंना. दोघींनी दोन-दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या, समोरचीला संकोच वाटू नये म्हणून.

जेवणानंतर मंडळी पांगली. ज्याची त्याची माणसं ज्याला त्याला सापडली. दोघी जुन्या दीपगृहापाशी उभ्या राहिल्या. काळं, उंच, तिकीट काढून वर जाता येणारं. मीनाक्षीबाईंनी सहज मान वर केली.

"बघायचंय तुम्हाला वरून?" मधुमतीबाईंनी विचारलं.

मीनाक्षीबाईंच्या मनात आलं, यांनाच जायचं असणार, बोलायला लाजताहेत. "तुमची इच्छा असेल तर जाऊ या की."

"माझं काही नाही. तुम्हाला हवं असेल तर मी आहे."

"मग चला."

"चला."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तिने दोघींना थेट गोल जिन्यालाच लावलं. मंजिरीची छोटी मायरा दारातून ओरडली, "आजी, नको ना! खूप स्टेप्स आहे!" पण आता मागे फिरणार कोण आणि कुणाच्या नावावर?

पहिल्या माळ्यावर मीनाक्षीबाईंना धाप लागली. दुसऱ्यावर मधुमतीबाईंचा गुडघा कुरकुरला. तो आवाज ऐकूनही मीनाक्षीबाई तोंडावर हसू ठेवून म्हणाल्या, "छान आहे नाही?" तिसऱ्या माळ्यावर मधुमतीबाईंनी त्यांचं मनगट पकडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि नाडी मोजली.

"जरा थांबू या. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नको. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबू."

थांबल्या. भिंतीला टेकून दोघी श्वास घेत राहिल्या. शेवटचा टप्पा जवळजवळ शिडीच होता. एकीने खालून ढकललं आणि दुसरीने वरून ओढलं.

वर कठड्यापाशी वारा असा होता की डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं. खाली गोट्यांवर मंडळाची माणसं ठिपक्यांसारखी विखुरली होती. कुठला ठिपका कुणाचा, ते इतक्या उंचावरूनही कळत होतं. दोन मोठे, दोन लहान. दोन मोठे, एक लहान. मीनाक्षीबाई बराच वेळ बघत राहिल्या. विष्णू असता तर त्याने समुद्रापलीकडे फ्रान्स दिसतोय असं ठोकून दिलं असतं आणि त्यांनी ते मानलं असतं. त्यांना फार एकटं वाटलं. इतकं, की कठडा घट्ट धरावा लागला.

कठड्याच्या वळणापलीकडे मधुमतीबाईंचा मोबाइल वाजला. मोबाइलवर त्या अशा बोलायच्या की फोन नसता तरी चाललं असतं.

"हां, बोल मंजिरी. वर आहोत आम्ही. नाही गं, सोडलं नाही एकटं, तू सांगितलंस ना मला! हो, जेवल्या. बिचाऱ्या बोलत नाहीत फार. नवरा गेल्यावर होतं असं. नाडी बघितली मी, बरी आहे. काळजी करू नकोस, मी आहे."

मीनाक्षीबाईंनी कठडा सोडला. गाल तापले होते, त्या वाऱ्यातही. बिचाऱ्या! म्हणजे काम त्यांच्याकडे नव्हतंच. काम म्हणजे त्याच होत्या. सोललेली संत्री, जास्तीच्या गोळ्या, आरशातला तो चेहरा, सगळं एकदम आठवलं आणि त्यांना लाज वाटली. मग राग आला, मंजिरीचा आणि त्याहून जास्त या बाईचा. बिचाऱ्या म्हणे! जिला मागेपुढे कुणी नाही म्हणून मला इथवर यावं लागलं, ती मला बिचारी म्हणते!

उतरताना त्यांनी मधुमतीबाईंचा हात घेतला नाही.

खाली एका मोडक्या होडीशेजारी फळी टाकलेली होती. दोघी तिच्यावर बसल्या. मीनाक्षीबाईंनी वाक्य तयार ठेवलं होतं. आधी यांच्याकडून कबूल करून घ्यायचं आणि मग सांगायचं, की अहो, मलाच तुमच्यासाठी पाठवलंय.

"मंजिरीने सांगितलं होतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे लक्ष ठेवायला?"

मधुमतीबाई चपापल्या. बुटातला खडा काढायला वाकल्या आणि खडा निघाल्यावरही वाकूनच राहिल्या.

"ऐकलंत होय तुम्ही? माझा आवाजच मेला असा. राग आला असेल ना."

मीनाक्षीबाईंच्या ओठांवर ते वाक्य होतं.

"खरं सांगू का," मधुमतीबाई सरळ होत म्हणाल्या, "मी येणारच नव्हते. मंडळाचं सगळं कुटुंबांचं असतं. फोटोत मी कुठे उभी राहू हे आजवर कुणाला कळलेलं नाही, मलाही नाही. नोकरी होती तोवर बरं होतं. वॉर्डात गेलं की कुणीतरी वाट बघत असायचं. रिटायर झाले, कार्ड दिलं, फुलं दिली, संपलं. आणि परवा ही पोरगी म्हणते, काकू, तुमची गरज आहे." त्या हसल्या, पण हसू लवकर विरलं. "इतक्या वर्षांत मला कुणी ड्यूटीच लावली नव्हती हो. रात्री झोप आली नाही मला. तुमच्यासाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणलाय, तोही विसरले द्यायला."

त्यांनी थर्मास उघडला. झाकणात चहा ओतून त्यांनी पुढे केला आणि मीनाक्षीबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मीनाक्षीबाईंनी ते तयार वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. मग चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता आणि साखर जास्त होती.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही आलात. मला एकटीला नसतं जमलं."

समोरचीचं मन राखायला म्हणून त्या बोलल्या होत्या. पण शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, त्यात खोटं काहीच नव्हतं. जमत नव्हतंच त्यांना. तीन वर्षं जमत नव्हतं.

मधुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त झाकण परत भरलं.

निघताना कोचच्या दाराशी मंजिरीने मीनाक्षीबाईंना गाठलं आणि हळूच विचारलं, "काकू, थँक यू हं. कशा होत्या त्या? त्रास नाही ना झाला?"

मीनाक्षीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी दिवसभर धावून दमली होती. केसांत श्रीखंड लागलं होतं.

"तू फार हुशार आहेस, मंजिरी."

मंजिरीचा चेहरा उतरला. "काकू, सॉरी. मला खरंच सुचेना. सरळ विचारलं असतं तर तुम्ही दोघीही..."

"नसतो आलो," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "पण त्यांना कळू देऊ नकोस."

हॅरोला पोचेपर्यंत जूनचा उजेड अजून होता. नंदूने दोघींना गाडीतून सोडायचं ठरवलं. मधुमतीबाईंचं घर वाटेत आधी लागत होतं, पण त्या उतरेनात.

"आधी यांना सोड. मग मला परत आण."

नंदूने आरशातून मीनाक्षीबाईंकडे पाहिलं. केवढा वळसा पडणार होता.

"हो," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आधी मलाच सोड."

मधुमतीबाई दारापर्यंत आल्या, किल्ली लागेपर्यंत थांबल्या, पॅसेजमधला दिवा लागल्यावर हात करून गेल्या. दार लावून मीनाक्षीबाई आत आल्या. कोट काढला, पण खुंटीला लावला नाही. घर सकाळी होतं तसंच होतं, कपसुद्धा सिंकमध्ये त्याच जागी. त्या पॅसेजमध्येच टेलिफोनशेजारच्या खुर्चीवर बसल्या. परगावाहून परतलं की पूर्वी विष्णू फिरून सगळी दारं-खिडक्या बघायचा आणि त्या त्याला चिडवायच्या.

फोन वाजला.

"पोचले हो मी," मधुमतीबाईंचा आवाज. "म्हटलं कळवावं. तुम्ही ठीक ना? दाराची साखळी लावलीत?"

साखळी त्यांनी आल्या आल्या लावली होती. रोजच लावायच्या.

"थांबा हं," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "बघते."

रिसीव्हर हातात धरून, वायर पुरेल तेवढं ओढत त्या दारापाशी गेल्या. लावलेली साखळी काढली आणि पुन्हा लावली, पलीकडे ऐकू जाईल अशी, खळखळ करत.

"लावली."

मग मधुमतीबाईंकडूनही तशीच खळखळ ऐकू आली, आधी काढल्याची, मग लावल्याची.

"मीही लावली हं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काळजी नको."