आभार मानून झाल्यावर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी मला जेवणाचा डबा समजून उघडलं असतं, याची मला खात्री आहे!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बटणं अशी चकाकायची की बघणाऱ्याने त्यांत भांग पाडावा. रेडिओसाठी मुलाखती घेणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं आणि माझं नशीबच फळफळलं. त्यांच्या खांद्याला लटकून मी कुणाकुणाला भेटलो! बर्फाखालचे किडे शोधणारे, समुद्राच्या तळाचा चिखल उकरणारे, धूमकेतूची वाट बघता बघता म्हातारे झालेले. बाईंची एक खोड होती. आभार मानून झाले तरी त्या मला बंद करत नसत. म्हणायच्या, "आभार मानले की माणूस पाय पसरून बसतो. खरं बोलणं तिथून पुढे."

मग चपटी, हुशार यंत्रं आली. मी कपाटावर गेलो. माझ्यावर धूळ बसली आणि धुळीवर शिलाईचा डबा.

एका दुपारी बाईंची भाची धापा टाकत आली. "मावशी, गुहेचं तोंड खचलं! ताई आत अडकलीय आणि पाणी चढतंय!"

ताई म्हणजे गुहा धुंडाळणाऱ्या काकांची लेक; बाईंनी त्यांचीही एकदा मुलाखत घेतली होती. ती शास्त्रज्ञ होती आणि गुहेतल्या पाण्याचे नमुने घ्यायला गेली होती. ती गुहा आतून पहिल्यांदा पाहिली काकांनीच. पण आजारपणात त्यांची वाचा गेली होती, हातही उचलवत नव्हता. "दुसरी वाट आहे का?" असं विचारलं की ते पापण्या मिटून हो म्हणत. कुठे, ते सांगता येईना. नुसतं डोळ्यांतून पाणी.

"त्यांची रेडिओवरची मुलाखत पुन्हा ऐकली सगळ्यांनी. काही नाही गं त्यात," भाची रडकुंडीला आली.

बाई ताडकन उठल्या. "रेडिओवर आभारापर्यंतच लावली होती. नंतर ते कुठल्याशा दगडाबद्दल बोलले होते. कुठला दगड, देव जाणे! काढ त्या टेपरेकॉर्डरला खाली!"

शिलाईचा डबा बाजूला, त्या मुलाखतीची कॅसेट माझ्या पोटात. बटण दाबलं. मी गप्प! आतला रबरी पट्टा वाळून तुटला होता. मित्रांनो, शब्द माझ्या पोटात होते आणि ओठांवर येत नव्हते. काकांचं दुःख मला तेव्हा कळलं.

भाचीने स्क्रू काढले, केसांचं रबर ओढून चाकांवर चढवलं. "चाल ना रे म्हाताऱ्या!" मी चाललो, पण रेडा रेकावा तसा. फीत चुरगळू लागली.

"थांबव! तुटली तर संपलं सगळं!"

भाचीने श्वास रोखून, कॅसेटच्या चाकात पेन्सिल फिरवत फीत आत घेतली. बाईंची नजर शिलाईच्या डब्यावर गेली. त्यातलं बारीक इलॅस्टिक कापून त्यांनी टोकाला टोक शिवलं. सुई दोनदा बोटात घुसली. रबराच्या जागी ते चढवलं आणि पुन्हा बटण दाबलं.

खरखर. मग बाईंचाच तरुण आवाज, "आभारी आहे." कपबशी किणकिणली आणि काका हसले. "एक गंमत सांगू? रेडिओवर नको हं, पोरंसोरं घुसतील. धबधब्यामागे बसलेल्या उंटासारखा दगड आहे ना, त्याच्या मानेखाली फट आहे. मी तिथूनच बाहेर आलो! लेक मोठी झाली की तिला दाखवीन."

भाचीने तिथल्या तिथे बचावपथकाला फोन लावला. मग आम्ही तिघंही फोनकडे बघत बसलो. दिवस कलला तरी तो मुकाच. अखेर वाजला, तेव्हा बाईंना उचलवेना. भाचीने उचलला, ऐकलं आणि मलाच घट्ट मिठी मारली.

पुढे ताई मला काकांच्या खाटेपाशी घेऊन गेली. उंटाची गोष्ट लावली आणि म्हणाली, "बघितला हं, बाबा." काकांनी पापण्या मिटून हो म्हटलं, आणि या वेळी ते हसले.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच, माझाही स्वार्थ आहे! पण त्याहून एक मागणं आहे. कुणा थकल्या माणसाशी बोलून झालं, आभार मानून झाले, की लगेच उठू नका. जरा बसा.