तिसऱ्या बेसवरची चंपा

मी सॉफ्टबॉलचा तिसरा बेस. म्हणजे बारदानाची चौकोनी गादी, आत गिरणीतला टाकाऊ कापूस. रघुवीर मास्तरांनी मला परळच्या मैदानात खुंट्या ठोकून बसवलं. हा खेळ ते बंदरावर आलेल्या खलाशांकडून शिकले होते. चेंडूला सॉफ्ट का म्हणतात, हे नाकावर चेंडू बसलेल्या एकाही मुलीला कळलेलं नाही.

समोरच्या भिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं चुन्याने लिहिलं होतं. मोर्चा असला की खेळ बंद. नसला की पोरी धावत माझ्यावर येत. धावणारी माझ्यापाशी पोचायच्या आत राखणारीने तिच्या अंगाला चेंडू लावला, की ती बाद.

मला राखायची ललिता, दादरच्या एका कारकुनाची मुलगी. झेल घेण्यात तिचा हात कोणी धरत नसे. धावण्यात चंपा पुढे. चंपा गिरणीच्या चाळीतली. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता.

इतर मुलींना ललिता बरगडीत बसेल असा चेंडू लावायची. चंपा आली की मात्र चेंडू हातात असूनही बाजूला सरकायची. त्यामुळे चंपा माझ्यापाशी कधी बादच होत नसे. तिच्या बाजूच्या मुली खूश होत्या. मास्तर म्हणायचे, "ललिता, लक्ष कुठे असतं तुझं?" मला खालून पाय दिसायचे. लक्ष अगदी जागेवर असायचं.

एका रविवारी सामना रंगला. शेवटचा डाव, चंपाची बाजू एका धावेने मागे. ती बाद झाली की सामना गेला. ती दुसऱ्या बेसवरून सुटली, पण चेंडू तिच्या आधी ललिताच्या हातात आला. ललिता सवयीने सरकली. चंपा माझ्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली.

"लाव," ती म्हणाली.

"तू जा ना बेसवर."

"आधी लाव. मला शिवलीस तर घरी आंघोळ करायला लागते ना?"

ललिता चेंडूकडे बघत म्हणाली, "आई सांगते."

"आई खेळतेय की तू?"

"चंपे, पाय टाक गं," तिच्या बाजूची बकुळा ओरडत होती. चंपा हलली नाही. शेवटी ललिताने चेंडू तिच्या खांद्याला लावला. आधी नुसता चेंडू, मग बोटंही.

"बाद," मास्तर म्हणाले.

बकुळा दोन दिवस चंपाशी बोलली नाही. ललिताने घरी जाऊन आंघोळ केली की नाही, मला ठाऊक नाही. बेस घरी जात नाही.

पुढच्या रविवारी ललिता चेंडू नसतानाच वाटेत आडवी उभी राहिली. चंपाने खांदा घातला. दोघी माझ्यावर आदळल्या आणि माझं पोट फाटलं.

"मुद्दाम धक्का मारलास?" मास्तरांनी विचारलं.

"हो," चंपा म्हणाली.

"आणि तू मुद्दाम आडवी आलीस?"

"हो," ललिता म्हणाली.

मुद्दाम धक्काबुक्की करायची नाही, हा नियम मास्तरांनी तेव्हापासून कडक केला. नियम बरोबरच आहे. शिक्षा म्हणून दोघींना मला शिवायला बसवलं. दोघींच्या मांडीवर मी, सुई एकच, आणि चूक कोणाची यावर तंटा.

आता नवे बेस आलेत. मी सामानाच्या खोलीत असतो. माझी एक कड फार वाकडी शिवलेली आहे. कोणी नीट करायला निघालं, तर कृपा करून उसवू नका.