वारा काढणारे नाणे

मी एक जुने तांब्याचे नाणे आहे, मित्रांनो. जावा बेटावर डचांचे राज्य होते तेव्हा टांकसाळीतून बाहेर पडले. ते राज्य गेले, माझी किंमतही गेली. पण माझी कड झिजून गुळगुळीत झाली होती, म्हणून सुगियेमने मला खोबरेल तेलाच्या वाटीत मानाने ठेवले.

सुगियेम बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायची आणि गल्लीतल्या लोकांचा वारा काढायची. आमच्याकडे सर्दी असो, अंगदुखी असो, अंगात वाराच शिरलेला असतो. मग पाठीला तेल लावून माझ्या कडेने घासायचे. लाल पट्टे उठायचे, माणूस ढेकर द्यायचा आणि त्याला बरे वाटायचे. माझा काय तोरा होता तेव्हा!

मग तिची एकुलती एक लेक लास्त्री थकू लागली. केळीच्या पानात टेम्पे गुंडाळता गुंडाळता मध्येच बसून राहायची. ताप यायचा, जायचा. सुगियेमने मला उचलले. मी जेमतेम टेकले, तोच पाठ लालभडक झाली.

"अगं बाई, केवढा वारा साठवलाय हिनं!" शेजारीण तुमिनी म्हणाली.

"ओल्या केसांनी मोटरसायकलवर भटकते ना महाराणी," सुगियेम म्हणाली.

"आई, हळू गं. पाठ आहे माझी, पातेलं नाही," लास्त्री हसली.

जितके लाल, तितका वारा मोठा, अशी आमची समजूत. म्हणून आठवड्याने सुगियेमने पुन्हा घासले. माझे पट्टे एरवी तीन-चार दिवसांत मावळतात. लास्त्रीचे काळेनिळे होऊन तसेच होते. जिथे मी कधी टेकले नाही, त्या पायांवरही मोहरीएवढे लाल ठिपके होते. मला ओरडायचे होते, "सुगियेम, थांब!" पण नाण्याला तोंड कुठले? मी तिच्या बोटांत घासत राहिले.

महिन्याने लास्त्री चक्कर येऊन पडली. आरोग्य केंद्रात मी सुगियेमच्या मुठीतच होते. डॉक्टरीणबाईंनी पायावरचा ठिपका बोटाने दाबला. तो फिका पडला नाही.

"मावशी, हा वारा नाही. रक्ताचा आजार दिसतोय, क्वचित होतो. हे पाठीवरचे डाग कधीपासून?"

"ते... ते मीच केलेत," सुगियेम म्हणाली. माझ्यावरची तिची मूठ घट्ट झाली.

शहरातल्या इस्पितळातून लास्त्री परत आली नाही.

सुगियेमने मला फेकून दिले नाही. परवा तुमिनी पाठ उघडी करून बसली, तेव्हा सुगियेम म्हणाली, "आधी पाय दाखव. मागचे डाग गेले का?"

मित्रांनो, ताप पुन्हा पुन्हा आला, डाग मावळेनात, तर मला वाटीतच राहू द्या आणि डॉक्टरांकडे धावा. लास्त्रीच्या वेळी मला हे सांगता आले नाही.