धाकलीचा आवाज बसला

"त्या दगडाला म्हणावं, कुदळ मारतोय का बटाट्यांना अंगाई गातोय?"

म्हातारी बांधावर पोतं अंथरून बटाटे निवडत बसली होती. तिचा जावई वावराच्या दुसऱ्या टोकाला कुदळ मारत होता. एक घाव घालायचा, माती हातानं बाजूला सारायची, बटाटा उचलायचा, अंगठ्यानं पुसायचा, उन्हात धरून बघायचा आणि मग पुढचा घाव. दोघांच्या मधोमध, डोक्यावर टोपली घेऊन, म्हातारीची लेक उभी होती. तिनं आईचं ऐकलं, घटकाभर मनात घोळवलं आणि नवऱ्याकडं तोंड करून ओरडली,

"अहोऽऽ! आई म्हणते, ऊन चढायच्या आत दोन ओळी उरकल्या तर बरं होईल!"

नवऱ्यानं कुदळ टेकवली. "तिला म्हणावं, घाईनं मारली की बटाटा चिरतो, आणि चिरलेला बटाटा शेजारचे दहा सडवतो. बांधावर बसून जीभ चालवायला काय जातंय!"

"आईऽऽ! ते म्हणतात, दमानं केलं की माल चांगला राहतो!"

"आँ?"

"माऽऽल! चांगला राहतो!"

म्हातारीला एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्यानं तिला पाहिजे तेवढंच. त्यामुळं तिच्यासाठीचा प्रत्येक निरोप दोनदा ओरडून सांगावा लागायचा. आधी बोलणं धुवायचं, पिळायचं, मग ओरडून वाळत घालायचं. तीन वर्षं हे असं रोज चाललं होतं, म्हणजे म्हातारी स्वतःचं घर पडल्यावर लेकीकडं राहायला आली तेव्हापासून.

गावात जावयाला दमानराव म्हणत, कारण आग लागली तरी तो आधी "दमानं घ्या" म्हणायचा. म्हातारीला मागं काडेपेटी म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि लेक ही भावंडांत सगळ्यांत लहान, म्हणून धाकली. चोपन्न वर्षांची झाली, केस पिकले, लेकीचं लग्न झालं, तरी धाकलीच.

या दोघांचा अबोला मात्र तीन वर्षांचा नव्हता. अठ्ठावीस वर्षांचा होता.

धाकलीचं पहिलं बाळंतपण होतं. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दमानराव बैलगाडी जुंपून नर्सबाईला आणायला गेला, तो पार दिवस कलताना परतला. लेकरू राहिलं नाही. म्हातारीनं त्याला उंबऱ्यातच गाठलं आणि म्हणाली, "तुझ्या दमानं माझ्या लेकीचं लेकरू गेलं." दमानराव उंबऱ्यावरूनच वळून गोठ्यात गेला. त्या दिवसापासून तो सासूशी एक शब्द बोलला नाही आणि सासू त्याच्याशी.

तर त्या दिवशी बटाट्याच्या वावरात, तिसऱ्या ओळीला, धाकलीनं "अहोऽऽ" म्हणायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. कुठंतरी कवाड करकरल्यासारखं झालं, बस.

दवाखान्यातली डॉक्टरीण धाकलीच्या लेकीच्या वयाची होती, पण कडक. तिनं घशात बॅटरी मारून पाहिलं.

"पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही. घसा नुसता सोलून निघालाय. एवढं बोलता कुणाशी?"

"माझं असं काहीच नाही हो," धाकली घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सगळं दुसऱ्यांचंच बोलते."

"हे शेवटचं," डॉक्टरीण म्हणाली.

घरात शांतता पसरली. दमानरावानं लेकीची शाळेतली जुनी पाटी शोधून दिली. पण म्हातारीला वाचता येत नव्हतं आणि दमानराव वाचायचा तेही दमानं. "भाजीत मीठ टाकलंय, पुन्हा टाकू नका" एवढं वाचून होईपर्यंत म्हातारीनं दुसऱ्यांदा मीठ टाकलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं तोड काढली. गोठ्यात गाभण गाय होती, दिवस भरत आलेले. म्हातारी तिच्यापुढं चारा टाकता टाकता म्हणाली, "बाई गं, तुझ्या मालकाला सांग, कवाडाची कडी निसटलीय. उद्या कुत्रं शिरेल, मग बसेल दमानं हाकलत."

दमानराव चार हातांवर दावं वळत होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हातारी गेल्यावर उठला, गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "गाय, तिला सांग, कडी कालच बसवलीय. डोळे उघडून बघावं."

गाय रवंथ करत राहिली. धाकली चुलीपुढं बसून पोट धरून हसली. आवाज न करता हसायचं म्हणजे बरगड्या दुखतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

असे पाच दिवस गेले. गाईला घरातलं सगळं ठाऊक झालं. सासूला चहात साखर कमी हवी, जावयाच्या सदऱ्याची बटणं तुटलीत, बटाटे ओट्यावर पसरायचे की नाही, सगळं.

सातव्या दिवशी भर दुपारी गाय व्यायला लागली.

वारा पडला होता, गोठ्याचे पत्रे तापून टिकटिक वाजत होते. पाणमोट फुटून तास झाला तरी वासरू पुढं सरकेना. नाकपुडी दिसत होती आणि एक खूर. एकच. जनावरांचा डॉक्टर लांबच्या गावाला गेलेला, फोन लागत नव्हता.

म्हातारी पदर खोचून पुढं झाली. दमानराव दावं घेऊन उभा राहिला. दोघांनी एकदमच धाकलीकडं पाहिलं.

"तिला सांग, नुसतं ओढायचं नाही. दुसरा पाय आत दुमडलाय. तो सरळ केल्याशिवाय ओढलं तर दोन्ही जीव जातील."

"त्याला सांग, तोवर वासरू गुदमरेल! याच्या दमानं एकदा..."

म्हातारी अर्ध्यावरच थांबली.

गाय कण्हली. दोघंही धाकलीच्या तोंडाकडं बघत होती, विहिरीवर रहाट ओढणाऱ्याकडं तहानलेल्यांनी बघावं तशी. धाकलीला कुजबुजता आलं असतं. डॉक्टरीण काही गोठ्यात येऊन ऐकणार नव्हती. पण तिनं हातातली बादली खाली ठेवली, दोघांच्या मधून निघाली आणि पलीकडं जाऊन गाईचं तोंड मांडीवर घेऊन बसली. आता मध्ये कुणी नव्हतं.

दमानरावानं घसा खाकरला.

"मामी."

म्हातारीनं सवयीनं लेकीकडं पाहिलं. लेक गाईचा कान चोळत होती.

"मामी, माझा पंजा आत जात नाही. तुमचा हात बारीक आहे. तुम्ही घाला. मी सांगतो तेव्हा वासरू मागं लोटा."

म्हातारीनं कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि गुडघ्यावर बसली.

"कधी लोटू?"

"कळ ओसरली की. आत्ता नाही. दमानं... दमानं... आता!"

"गुडघा लागला हाताला. निसटतोय मेला."

"खूर मुठीत झाका. नाहीतर गाईला आतून फाडेल."

"मला शिकवू नकोस! तुझ्या जन्माआधी वासरं काढलीत मी. थांब... आला! आला पाय! ओढ आता. अरे ओढ की बाबा, मुहूर्त बघतोस का?"

दमानरावानं ओढलं. म्हातारीनंही त्याच्या मागून दावं धरलं. दोघं एकमेकांवर आदळत, घसरत, एकमेकांना शिव्या घालत ओढत राहिली आणि वासरू सळकन बाहेर आलं, तसं दोघंही शेणात बसली.

वासरू हलेना. दमानरावानं त्याचं नाक-तोंड बोटांनी साफ केलं, म्हातारीनं गवताचा बोळा करून छाती चोळली. "श्वास घे गं, घे की," ती म्हणत होती. वासरू शिंकलं. कालवड होती.

बराच वेळ कुणी उठलं नाही. गाय वासराला चाटत होती. म्हातारीनं तेलकट हात लुगड्याला पुसला.

"त्या दिवशी गाडीचं चाक मोडलं होतं म्हणे," ती एकाएकी म्हणाली.

दमानरावानं तिच्याकडं पाहिलं नाही. "कणा मोडला. चाक नाही. नाल्यात."

"मग?"

"मग काय. पळत गेलो. दोन कोस. नर्सबाई दुसऱ्या गावाला होती, तिथून तिथं पळालो. तिला एकाच्या सायकलवर बसवलं आणि मागून पळत आलो."

"तू पळालास?"

"पळालो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बोलतच नव्हते तर विचारणार कशी?"

धाकली गाईच्या मानेआडून ऐकत होती. सगळं तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी नवऱ्याच्या तळपायांतले काटे तिनंच पडल्या पडल्या काढले होते. अठ्ठावीस वर्षं तिनं या दोघांचं बोलणं इकडून तिकडं वाहिलं, मिठापासून मातीपर्यंत. पण त्या दिवसाबद्दल तिच्या तोंडून कधी एक अक्षर निघालं नव्हतं. आईकडं नाही, नवऱ्याकडं नाही, स्वतःशीही नाही. आणि तेवढाच एक निरोप पोचायचा राहिला होता. तिनं गाईच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडून घेतलं.

म्हातारी उठली. जावयाच्या खांद्याचा आधार घेऊनच उठली, तो दिला की तिनं घेतला हे काही कळलं नाही. "चल, पाणी तापवते," ती म्हणाली. "शेणानं नुसता भरलायस."

"तुम्हीपण काही कमी नाही," दमानराव म्हणाला.

बांध फुटावा तशी दोघं बोलायला लागली. बोलायला म्हणजे भांडायला. वासराला किती दूध सोडायचं, खोंडासारखं दिसणारं कालवडीचं कपाळ कुणावर गेलंय, पाऊस कोणत्या दिशेनं येतो, एकेका गोष्टीवर तास तास. दमानराव सावकाश एकेक मुद्दा मांडायचा आणि तो पुरा व्हायच्या आत म्हातारीनं तीन खोडून काढलेले असायचे. शेजारीण एकदा घाबरून डोकावली. धाकलीनं तिला हातानंच सांगितलं, बस, ऐक.

अकराव्या दिवशी धाकली एकटीच वावरात होती. शेजाऱ्याची शेळी बटाट्यांच्या ढिगात तोंड घालायला आली आणि धाकलीच्या तोंडून नकळत "हाऽऽड!" निघालं. स्वच्छ, खणखणीत. शेळी पळाली. धाकली आजूबाजूला बघत उभी राहिली. कुणी ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घरी गेली, मुकीच.

पंधराव्या दिवशी धाकलीच्या लेकीचा फोन आला. आईला महिनाभर माझ्याकडं पाठवा, तिला जरा विसावा मिळू दे, असं तिचं म्हणणं. दमानरावानं फोन ठेवला आणि ओट्यावर सभा भरली.

"तिला झेपायचं नाही एवढा प्रवास," दमानराव म्हणाला. "दमानं बघू. पावसाळा जाऊ दे."

"पावसाळा जाईपर्यंत मी जाईन! पाठव तिला. पण आठच दिवस. महिनाभर माझं कोण बघेल?"

"आठ दिवसांसाठी कशाला एवढं भाडं घालवायचं? त्यापेक्षा लेकीलाच इकडं बोलवू."

"तिची नोकरी तुझा बाप करेल का?"

"मी जाणार," धाकली म्हणाली.

दोघांच्या माना गर्रकन तिच्याकडं वळल्या.

"महिनाभर जाणार. उद्या सकाळच्या गाडीनं."

"तुला... बोलता येतं?" दमानराव म्हणाला.

"चार दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस, कारटे?" म्हातारीनं कपाळाला हात लावला.

"तुमचं चांगलं चाललं होतं. मध्ये कशाला पडू?"

दुसऱ्या दिवशी दोघंही फाट्यापर्यंत पोचवायला आली. पिशवी कुणी धरायची यावर वाटेत दोनदा थांबली. गाडी आली. धाकलीला पुढं, खिडकीजवळ जागा मिळाली. खाली म्हातारी हातवारे करत होती, दमानराव बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होता. काचेतून शब्द कळत नव्हते आणि धाकलीनं काच उघडली नाही.

कंडक्टर तिकीट द्यायला आला. त्यानं वाकून बाहेर पाहिलं.

"मावशी, तुमची माणसं भांडतायत वाटतं. थांबायचं का जरा?"

"भांडत नाहीत हो," धाकली म्हणाली. "बोलतायत. चालू द्या गाडी."