सतरा नंबरची चंडोल

वसईतल्या आमच्या होळी गावात लग्नाला जा, बारशाला जा, नुसतं कोपऱ्यावर भाजी घ्यायला जा, बाबांना एक प्रश्न ठरलेला असतो. "काय रॅलीवाले, पोहोचलात का?" बाबा हसतात आणि सांगतात, "वाटेत आहे." पन्नास वर्षं प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. बाबांचं नाव दिनानाथ. अर्ध्या वसईला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं, पण कुणी त्यांना नावानं हाक मारील तर शपथ! लहानपणी मला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे, अंधेरीला विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि अजूनही येतो.

झालं होतं असं. बाबा मूळचे साताऱ्याचे. ते पंचविशीत असताना सह्यगिरी मोटर्सनं सुरत ते मुंबई रॅली भरवली. बाबांकडे त्या कंपनीची 'चंडोल' गाडी होती आणि शेजारी बसून रस्ता सांगायला शरदचंद्र नावाचा मित्र होता. रॅली म्हणजे नुसतं सुसाट पळणं नव्हे, हे बाबांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेत उठवलंत तरी मी सांगीन. ठरल्या जागी ठरल्या वेळेला पोहोचायचं. उशीर झाला तर गुण कापतात, लवकर गेलात तरी कापतात. ड्रायव्हरनं रस्ता बघायचा, शेजारच्या नॅव्हिगेटरनं रोडबुक, म्हणजे वळणावळणाची वही. आणि नॅव्हिगेटर म्हणेल तिकडे मुकाट वळायचं.

"समोर विहीर दिसली तरी?" मी विचारायची.

"विहीर दिसली तरी. वाद घालायचा तो पोहोचल्यावर."

शरदकाकांना चिक्कीचा नाद. चिक्की खाऊन चिकट झालेल्या बोटांनी त्यांनी रोडबुकची दोन पानं एकदम उलटली आणि हायवेवर वसई फाट्याशी, जिथे सरळ मुंबईला जायचं होतं तिथे, ठणकावून सांगितलं, "उजवीकडे!" बाबा वळले. वळत वळत होळीत आले आणि माझ्या आजोबांच्या वाडीत, केळींना पाणी नेणाऱ्या पाटात पुढचं चाक घालून थांबले. ॲक्सल मोडला. शरदकाकांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याचा रस्ता धरला, बाबा गाडीपाशी राहिले. आजोबांनी विचारलं, "किती दिवस मुक्काम?" बाबा म्हणाले, "रॅली संपेपर्यंत."

नवा ॲक्सल येईपर्यंत बाबांना वाडीचं शिंपणं जमू लागलं होतं, आणि बांधावर उभी राहून "आता डावीकडे सोडा, आता उजवीकडे," असं पाण्याचं फर्मान काढणारी आजोबांची जयवंती फारच आवडू लागली होती. ती माझी आई. ॲक्सल बसला, लग्न झालं, ड्रायव्हिंग स्कूल निघालं, मी झाले. कंपनीला 'आम्ही माघार घेतली' असं कळवायचं मात्र राहून गेलं. कोण कळवणार? शरदकाकांना वाटलं बाबा कळवतील, आणि बाबांना तर काहीच वाटत नव्हतं. ते नवीन नवीन सासरी रमले होते.

मागच्या हिवाळ्यात मोबाइलवर बातमी आली. सह्यगिरी मोटर्स चंडोल परत आणतेय, या वेळी विजेवर चालणारी. त्या निमित्तानं कंपनीनं आपल्या जुन्या रॅलींचा इतिहास उकरून काढला होता. खाली एक गमतीचा परिच्छेद होता : सुरत-मुंबई रॅलीतल्या एका गाडीचा पत्ता लागत नाही. सतरा नंबरची चंडोल मुंबईला पोहोचली नाही आणि तिनं माघारही घेतली नाही. नियमाप्रमाणे ती अजून रॅलीत आहे. कुणाला दिसल्यास कळवावे.

ही बातमी मी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचली. माझीच अक्कल! बाबांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि परत वाचायला लावली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी घरात साप सोडला होता.

बाबांनी त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीचा उमंग नावाचा तरुण आमच्या ओसरीवर हजर. गाडी बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काका, धिस इज अनबिलिव्हेबल. नंबर पण तोच आहे अजून!" होताच. दरवाजावरचा सतरा आकडा बाबा दर दिवाळीला नव्यानं रंगवतात.

उमंगनं बेत सांगितला. कंपनी जुन्या गाड्यांची एक छोटी रॅली काढणार होती. कामणला नवं गोदाम झालंय, तिथून सुरुवात. शेवट मुंबईत ठेवणं परवानग्यांमुळे जमत नव्हतं, म्हणून शेवटची रेघ वसई किल्ल्याच्या अलीकडच्या मैदानात. "तुमची रॅली तिथे ऑफिशियली कम्प्लिट करू, काका. बँड, मेडल, सगळं."

"बघ जयवंती," बाबा म्हणाले, "मी रेघेपर्यंत गेलो नाही, तर रेघच माझ्याकडे चालत आली."

"गाडीला झेपायचं नाही," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

नंतर चार दिवस घरात तेच. गाडीला झेपायचं नाही. तुमच्या गुडघ्याला झेपायचं नाही. कामणच्या रस्त्याला कंटेनर असतात. पत्रिकेत प्रवास नाही. आईनं आयुष्यात कधी पत्रिका पाहिलेली नाही! शेवटी मी चिडले. ती परसात बसून कडवे वाल सोलत होती, तिथे जाऊन उभी राहिले.

"आई, काय चाललंय तुझं? त्यांची एवढी एकच इच्छा आहे."

"मला ठाऊक आहे."

"मग? 'रॅली संपेपर्यंत' म्हणाले होते म्हणून संपली की निघून जातील, असं वाटतं का तुला? पंचाहत्तरी झालेला माणूस गुडघे धरून कुठे जाणार?"

"तेवढी खुळी नाही मी." तिनं वालाचं साल माझ्या पायाशी फेकलं. "तुझ्या आजोबांनी शेवटची वाडी लावून दिली, विहिरीला कठडा बांधला आणि ओटीवर बसून म्हणाले, 'झालं बाई सगळं. आता काही राहिलं नाही.' धडधाकट होते. त्याच पावसाळ्यात गेले. हे रोज सकाळी उठतात, गाडी पुसतात आणि कुणी विचारलं की सांगतात, वाटेत आहे. मला तसंच ऐकायचंय. ते मेडल घेऊन घरी आले आणि झालं म्हणाले तर मी काय करू, सांग ना?"

विम्यात असल्या गोष्टीला कलम नाही. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर वाल सोलू लागले.

दुसरी बाजूही ऐकली. संध्याकाळी बाबा बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. म्हणाले, "विनू, लोकांना वाटतं मला त्या प्रश्नाचं काही वाटत नाही. वाटतं गं. एकदा तरी 'हो, पोहोचलो' म्हणायचंय. एकदाच." एवढं बोलून त्यांनी डोकं पुन्हा आत घातलं. मी दोघांच्या मधोमध अडकले होते आणि दोघांचाही राग येत होता, कारण दोघांचंही बरोबर होतं.

अडचण एकच उरली, नॅव्हिगेटरची. बाबांनी पुण्याला फोन लावला. शरदकाका म्हणाले, "मुलगी घराबाहेर सोडत नाही. आणि सोडलं तरी मी नको रे. मला अजून चिक्की आवडते." मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, इतक्यात आतून आईचा आवाज आला.

"मी बसते."

बाबा आनंदानं लगेच कपाटातलं स्टॉपवॉच शोधायला उठले. मला वाटलं, आई निवळली. मला आईबद्दल जे जे वाटत आलंय ते बहुतेक चुकीचंच निघालंय, पण माणूस शिकत नाही.

रॅलीच्या रविवारी आई नारायणपेठी नेसून, गळ्यात बाबांचं स्टॉपवॉच अडकवून, मांडीवर रोडबुक घेऊन पुढे बसली. मागच्या सीटवर मी, पाण्याच्या बाटल्या आणि चवळीच्या उसळीचा डबा. कामणच्या गोदामापुढे मुंबई-पुण्याच्या चकचकीत जुन्या गाड्या उभ्या होत्या. त्यांचे मालक टोप्या घालून एकमेकांचे फोटो काढत होते. त्यांत आमची चंडोल गावाकडून लग्नाला आलेल्या आत्यासारखी दिसत होती, नीटनेटकी आणि कुणाचीही भीडभाड नसलेली.

झेंडा पडला आणि आईनं जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. "दोनशे मीटरवर गतिरोधक. पुढे टपरी. टपरीनंतर सरळ. अहो, लवकर होतंय, जरा सावकाश. आता घ्या. कंटेनरच्या मागे राहा, ओव्हरटेक करायची गरज नाही, वेळ आहे." एक अक्षर चुकलं नाही की एक वळण निसटलं नाही. पन्नास वर्षं वाफ्यांना पाणी सोडणारी बाई ती! तिला कुठे किती आणि कधी हे सांगावं लागत नाही. बाबा स्टिअरिंगवर हलकेच बोटं वाजवत गात होते. बाबांना गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं. न गायले तरी चालेल.

वसई फाटा आला तसा दोघांनी एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिलं.

पापडीच्या चेकपॉइंटला आम्ही अगदी नेमक्या वेळेला टेकलो. तिथे उमंग नाचायचाच बाकी होता. "काका, काकू, एकही पॉइंट कापलेला नाही! बाकी सगळे लवकर आलेत आणि पेनल्टी खाऊन बसलेत. तुम्ही पहिले आहात! आता फक्त फिनिश. मी पुढे जातो, बँड रेडी ठेवतो." आणि तो मोटरसायकलवरून सुटला.

बाबांनी रुमालानं चेहरा पुसला. "जयवंती, पहिले आलो आपण," ते म्हणाले. आईनं रोडबुकचं पान उलटलं.

मग शेवटचं वळण आलं. सरळ गेलं की किल्ला, उजवीकडे वळलं की आमची होळी. रस्त्याच्या टोकाला ती कमान दिसत होती, निळी-पांढरी, आणि कमानीखाली बँडवाल्यांचे लाल डगले. बँडवाल्यांनी आम्हाला पाहिलं आणि ढोल सुरूच केला. बाबा पुढे झुकले होते. पन्नास वर्षं वाट पाहिलेली रेघ होती ती. एखाद्या मिनिटाचं अंतर राहिलं असेल.

आईनं रोडबुक मिटलं.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"आई!" मी ओरडले. "बाबा, सरळ! समोर दिसतेय ना कमान!"

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांनी कमानीकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती, मिटलेल्या रोडबुकवर दोन्ही हात घट्ट धरून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"विनू," बाबा म्हणाले, "नॅव्हिगेटर काय म्हणाली?"

"उजवीकडे म्हणाली, पण..."

"मग वाद घालायचा तो पोहोचल्यावर."

त्यांनी उजवीकडचा दिवा लावला, मागच्या गाड्यांना हात दाखवला आणि चंडोल वळवली. ढोल मागे पडला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिले. होळीचा अरुंद रस्ता सुरू झाला, दोन्ही बाजूंना केळी आणि मधूनच कुणाचं तरी तुळशीवृंदावन. मला बाबांसाठी रडू येत होतं, आईसाठी येत होतं आणि हसूही येत होतं. असं तिन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड फार वाईट दिसतं. मागे कुणी बघत नव्हतं ते बरं.

गिअर बदलत बाबा म्हणाले, "शरदनं निदान चिकटलेली पानं बघून सांगितलं होतं. तू तर रोडबुक मिटून सांगितलंस."

"मला रस्ता पाठ आहे," आई म्हणाली.

"मलाही." आणि ते हसायला लागले. अगदी मोकळं, खांदे गदगदा हलवून हसले. मग आईही पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

वाडीचं फाटक दिसू लागलं तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, अर्ध्या वसईला तसं शिकवलंय त्यांनी. आईनं घेतला आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला. ढोलाच्या आवाजातून उमंग जीव तोडून ओरडत होता.

"काका! इथे सगळे थांबलेत! कुठे आहात तुम्ही? पोहोचलात का?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"वाटेत आहोत," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला. "सावकाश घ्या हो. पुढे पाट आहे."