डॉक्टर बॅग विसरतात

माझा नवरा डॉक्टर आहे आणि विसरभोळा आहे, असं मी जगाला वर्षानुवर्षं सांगत आले. त्यातली पहिली गोष्ट खरी.

डॉक्टर घरी येऊन तपासायचे, तेव्हाची ही गोष्ट. ह्यांची काळ्या चामड्याची बॅग होती. तिला दोन पितळी खटके होते आणि एका बाजूचं चामडं सोलवटलेलं होतं. ती रोज भरायचे मी, कारण ह्यांनी भरली की थर्मामीटर फुटलंच म्हणून समजा. वरच्या कप्प्यात स्टेथोस्कोप, थर्मामीटर, जीभ दाबायची पट्टी आणि गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी. लहान मुलांना हसवण्याखेरीज त्या हातोडीचा दुसरा उपयोग मी तरी पाहिला नाही. खाली कापूस, बँडेज, कात्री, आयोडीनची बाटली. एका कोपऱ्यात स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज आणि सुया, रोज सकाळी माझ्या चहाच्या पातेल्याशेजारी उकळलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात इंजेक्शनच्या औषधांच्या कुप्या, फडक्यात गुंडाळून.

एवढी जिवापाड भरलेली बॅग घेऊन हा माणूस जायचा आणि हात हलवत परत यायचा.

"बॅग कुठाय?" मी दारातच विचारायचे.

"अगं, राहिली वाटतं तिकडेच."

"डोकं तरी आणलंत का बरोबर?"

"ते तुझ्याकडेच असतं," म्हणायचे आणि हात धुऊन जेवायला बसायचे.

मध्येच दुसरीकडून बोलावणं आलं तर काय, म्हणून मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुजबी सामान भरून ठेवलं होतं. एवढे नावाजलेले डॉक्टर, बिस्किटांचा डबा काखोटीला मारून पेशंटकडे जात! लाज मला वाटायची, त्यांना नाही. आणि बॅग परक्या घरी राहिली की ह्यांचं रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. "स्वतः विसरायचं आणि झोप माझी मोडायची," मी करवादायचे. उजाडलं की हे चहाही न घेता बॅग आणायला पळायचे.

एकदा माझं टाळकंच फिरलं. बॅग एका सुताराकडे राहिली होती. म्हटलं, आत्ताच्या आत्ता मीच आणते. "अगं नको, सकाळी जाईन ना मी," म्हणत हे दारापर्यंत मागे आले. मी ऐकते होय! तरातरा गेले.

सुताराची बायको तापाने फणफणलेली, पण गाढ झोपली होती. तो उशाशी बसलेला. बॅग स्टुलावर, तिला डोळे उघडल्याबरोबर दिसेल अशी. मी हात पुढे केला तर सुतार आडवाच आला.

"वहिनी, हात जोडतो, नेऊ नका. कालपासून हिच्या डोळ्याला डोळा नव्हता. आपण काही यातून उठत नाही, हाच धोशा. डॉक्टर गेले, मागे बॅग राहिलेली दिसली, तेव्हा म्हणाली, आता सकाळी त्यांना यावंच लागेल. आणि झोपली बघा."

मी हात मागे घेतला. बॅग भिंतीकडे नीट सरकवावी म्हणून उचलली आणि चपापले. हलकी होती. खटके उघडून पाहिलं. सिरिंजची डबी नाही, कुप्या नाहीत, कात्री नाही, आयोडीन नाही. हातोडी, पट्टी, कापूस, असलंच सगळं. तशीच बंद करून ठेवली, घरी आले आणि खुंटीवरचा कोट झटकला. खिशांतून डबी, कुप्या, कात्री, बाटली, सगळं निघालं. पोराबाळांच्या घरात धारेच्या आणि विषारी वस्तू नकोत, म्हणून आधी काढून घेतल्या होत्या. विसरणारा माणूस एवढी काळजी घेतो का कुठे?

"मला सांगायला काय झालं होतं?" मी कडाडले.

"सांगितलं असतं तर तू भांडली नसतीस. तू दारात उभी राहून माझा उद्धार करतेस, म्हणून तर लोकांना पटतं की मी खरंच विसरलो."

घ्या! म्हणजे मीही औषधच होते, फुकटातलं. तेव्हापासून मी जरा जास्तच मोठ्याने भांडायला लागले.

पुढे वय झालं, दवाखाना बंद झाला, बॅग कपाटावर गेली. आणि मग ह्यांच्याच पोटात गाठ निघाली. काढली तर माणूस हिंडूफिरू लागेल, नाही काढली तर वर्ष निघणार नाही, असं सर्जनने तोंडावर सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना "काही होत नाही हो" म्हणणारा हा माणूस, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या कपड्यांतच टॅक्सी करून घरी हजर. दार उघडलं तर हे उभे, पायजम्याची नाडी लोंबतेय. मला हसू येणार, तेवढ्यात म्हणाले, "तिथे मला एकट्याला भीती वाटते गं."

असलं वाक्य ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सर्जनने पुढची तारीख दिली आणि बजावलं, आता पळालात तर मी हात लावणार नाही. पुरुषांचा वॉर्ड, त्यामुळे भेटीची वेळ संपली की मला बाहेर पडावंच लागणार होतं. मी बॅग खाली काढली, पुसली, भरली. कात्री आणि सुया घरी ठेवल्या.

"ही कशाला आणलीस?" कॉटवरून ह्यांनी विचारलं.

"असू दे," म्हटलं आणि कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली. ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. घंटा झाली, तसा मी तो सोडवला आणि मागे न बघता चालायला लागले.

दारापर्यंत पोचले तर सिस्टर ओरडली, "आजी, तुमची बॅग राहिली!"

मी वळले. ह्यांनी बॅग मांडीवर ओढून घेतली होती. दोन्ही हातांनी जराशी उचलून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या, सिस्टर," हे म्हणाले. "विसरभोळी आहे ती. सकाळी येईल न्यायला."

घरी आले. जेवण गेलं नाही. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. उजाडलं तशी पायात चपला सरकवल्या, चहासुद्धा टाकला नाही. बॅग आणायला जायचं होतं.